फर्गलच्या पायरीवर

"नको रे बाबा, उचल ते," डिम्प्नाबाई म्हणाल्या आणि त्यांनी लोणी लावलेल्या पावाची बशी दूर सारली. "आज काही खायचं नाही मला."

फर्गल कॉन्सिडाइन बशी हातात धरून तसाच उभा राहिला. सकाळचे साडेआठ वाजले होते. दूध घ्यायला दार उघडलं, तर त्याच्या शाळेतल्या मॅलाकी मास्तरांची बायको पायरीवर बसलेली. मास्तर जाऊन सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत बाई त्याच्या दारात एकदाही आल्या नव्हत्या.

"चहा तरी घ्या, बाई."

"चहासुद्धा नाही. काल रात्रीपासून पोटात काही नाही माझ्या. काम झालं की मगच खाईन." मग हसून म्हणाल्या, "तू जा ना आत. खुशाल जेव. माझ्यासाठी कशाला ताटकळतोस?"

ते 'खुशाल जेव' फर्गलला झोंबलं.

दुसऱ्या कुणाला काही वाटलं नसतं. पण हा पडला जुन्या आयरिश कायद्याचा प्राध्यापक! बड्या माणसानं तुमचं काही लुबाडलं आणि तुमचं त्याच्यापुढे चालेना, तर त्याच्या दारात उपाशी बसायचं, असा तो कायदा. तुम्ही बाहेर उपाशी असताना आत बसून जो जेवला, तो संपला. त्याच्या शब्दाला किंमत नाही, त्याला गावात तोंड नाही. हे सगळं फर्गलनंच जाडजूड इतिहासात लिहून ठेवलं होतं, रेडिओवर घसा खरवडून सांगितलं होतं. आणि गेल्या वर्षी त्याच्यावरच एक रहस्यकथा काढली होती. न्यायाधीशाच्या उंबऱ्यावर उपाशी बसलेला माणूस सकाळी मेलेला सापडतो. खून कुणी केला? अख्ख्या क्लेअर परगण्यात ते पुस्तक नाही असं घर नव्हतं म्हणा ना. शनिवारी ग्रंथालयात सत्कार होता. भाषणसुद्धा पाठ झालं होतं साहेबांचं.

तो आत गेला. ताटात अंडी निवत होती. त्यानं काटा उचलला आणि परत ठेवला. खिडकीतून बाईंचा पांढरा अंबाडा दिसत होता. तेवढ्यात पोस्टमन गेर आला, बाईंशी दोन शब्द बोलला आणि खिडकीकडे बघून मोठ्यानं हसला.

"काय रे फर्गल, बाईंना दारात उपाशी बसवलंस? काय चोरलंस त्यांचं?"

गेरला थट्टेची खोडच आहे. पण फर्गलचे कान लालबुंद झाले. समोर बेकरीच्या रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. त्याला वाटलं, सगळ्यांना कळलं.

काय चोरलं होतं, ते त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. अकरा वह्या. शाळेच्या, निळ्या पुठ्ठ्याच्या. मास्तरांनी इस्पितळात त्याच्या हातात दिल्या होत्या. "तू माझा हुशार पोरगा. बघ रे, गोष्ट जमलीय का." दफनानंतर आठवड्यानं बाईंनी विचारलं, तेव्हा यानं सांगितलं, "काही नव्हतं हो त्यांत. नुसतं खरडलेलं. मी जाळून टाकल्या." बाईंनी मान खाली घातली होती. "आजारपणात भ्रमच झाला असेल त्याला," असं पुटपुटल्या होत्या. आपल्या नवऱ्याची त्यांनाच लाज वाटली होती. ती खाली गेलेली मान आठवली आणि फर्गलला बसवेना.

तो बाहेर आला आणि त्यांच्या शेजारी पायरीवर टेकला.

"बाई, उठा. मी सांगतो सगळं. वह्या जाळल्या नाहीत मी. माडीवर आहेत. ते पुस्तक मास्तरांचं आहे. न्यायाधीश त्यांचा, खून त्यांचा, शेवटसुद्धा त्यांचाच. माझं त्यात फक्त नाव आहे. मला लाज वाटते हो. तुम्ही उठा, काहीतरी खा."

बाई त्याच्याकडे वळल्या.

"कुठलं पुस्तक?" त्यांनी विचारलं. "मी कुठे वाचलंय तुझं पुस्तक? डोळ्यांपुढे अक्षर ठरत नाही माझ्या वर्षभर."

रस्त्यावर गाडी थांबली. बाईंचा भाचा एनडा खिडकीतून डोकावला.

"मावशी, चल लवकर! तुझ्या गल्लीत गाडी वळत नाही म्हणून इथवर चालत यावं लागलं गं तुला. खाल्लं नाहीस ना काही? उपाशीपोटीच घेतात रक्त. नऊची वेळ दिलीय तपासणीची."

फर्गलनं डोळे मिटले. त्या पायरीनं आपल्याला गिळावं, असं त्याला मनापासून वाटलं.

बाई गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठल्या. गाडीपर्यंत गेल्या. दारावर हात ठेवला आणि तिथेच थांबल्या.

"म्हणजे माझा मॅलाकी शुद्धीत होता," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं मी त्याच्याबद्दल कुणाशी बोलले नाही रे फर्गल. लोक हसतील म्हणून."

"बाई, मी चुकलो. पण आत्ताच नका ना कुणाला सांगू. शनिवार होऊन जाऊ दे. मग मी स्वतः..."

"मावशी, उशीर होतोय!"

"तू जा, एनडा," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांना सांग, आज नाही येत."

"अगं, पण रात्रीपासून उपाशी आहेस ना तू?"

"आहे ना," बाई म्हणाल्या, आणि परत येऊन फर्गलच्या पायरीवर बसल्या, त्याच्या दाराकडे तोंड करून.