काठावरचा जोड
हडपसरच्या कारखान्यामागच्या कालव्यात जलपर्णी काढायला उतरताना सगळे चपला काठावर काढत, कारण शेवाळावर त्या घसरायच्या. मुकादम सत्यशीला डोकी मोजायचीच नाही. माणसं हलतात, चपला हलत नाहीत, म्हणायची. आज पाणी सोडल्याचा भोंगा वाजला, माणसं धडपडत वर आली, चपला घालून लांब पळाली आणि काठावर एकच जोड उरला, निळ्या पट्ट्यांचा, महिपतीचा. “महिपतीऽ!” ओरडत सत्यशीला दोर घेऊन फुगलेल्या पाण्याकडे धावली. “काय ओ ताई, मी हितं हाय की!” मागून महिपती चहाची किटली घेऊन आला. सगळे खो-खो हसले. “मग तुझ्या चपला इथं कशा?” ती खेकसली. “चहा आणायच्या घाईत संपतच्या घातल्या, झालं.” त्यानं त्या पायातून काढल्या आणि गर्दीकडे सरकवल्या. “घे रे संपत.” घ्यायला कोणीच पुढे आलं नाही.