हेडसेटवाली

“उद्या नक्की,” ती फोनवर म्हणाली आणि समोर बसलेल्या नवऱ्याने समाधानाने मान डोलावली.

‘उद्या सांग’ ही खूण त्यानेच केली होती, दोन्ही भुवया उंचावून. बोलणं त्याला शक्य नव्हतं. सोफे-खुर्च्यांवर कापड चढवणाऱ्या ह्या माणसाच्या तोंडात दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत मूठभर बारीक खिळे असत. जिभेने एकेक ओठांवर आणायचा, चिमटीत धरायचा, ठोकायचा. असा माणूस गिऱ्हाइकाशी कसा बोलणार? म्हणून ती बोलत असे. लग्न झाल्यापासून.

“परवा पण उद्याच म्हणाला होतात!” फोनमधला आवाज पार कोपऱ्यातल्या शिलाई मशीनपर्यंत ऐकू गेला. “तोंड वर करून खोटं बोलताना लाज नाही वाटत?”

“वाटते ना,” ती म्हणाली. “उद्या नक्की.”

त्या माणसाचा सोफा भिंतीशी उभा होता, पोट फाडलेल्या अवस्थेत. फाडल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता.

धाकटा दीर एका अर्धवट खुर्चीत लॅपटॉप घेऊन बसला होता. दुकानाची वेबसाइट करायची होती. स्वतःची वेबसाइट स्वतः बनवा म्हणणाऱ्या तीन कंपन्यांपैकी एक निवडायची होती, आणि ह्या अभ्यासामुळे आठवडाभर त्याला दुसरं कुठलंच काम जमत नव्हतं.

“ही पहिली स्वस्त आहे,” तो म्हणाला. “पण फोटो टाकायचे पैसे वेगळे, बटणाचे वेगळे. म्हणजे दार फुकट, कडी विकत. दुसरी एकदम फुकट. फक्त पानाच्या तळाशी त्यांची जाहिरात राहणार, जन्मभर. आणि ही तिसरी बघा वहिनी, हिच्यात सहायिका मिळते.”

“कसली सहायिका?”

“यंत्रच. गिऱ्हाइकाने रात्री-अपरात्री काहीही विचारू दे, ती उत्तर देते.” त्याने वाचून दाखवलं, “‘सदैव नम्र. कधीही थकत नाही. रजा घेत नाही. उलट बोलत नाही.’”

आठवडाभरात पहिल्यांदाच ती स्टूल ओढून लॅपटॉपजवळ बसली.

“म्हणजे फोन तीच घेणार?”

“सगळं तीच.”

“शिव्यासुद्धा?”

“तिला काय होतंय शिव्यांनी!”

तिने फोनकडे बघितलं. हा वाजणार नाही. वाजला तरी आपल्यासाठी नसेल. घास हातात असताना कुणी आपली लाज काढणार नाही.

“घ्या भावजी,” ती म्हणाली. “आत्ताच्या आत्ता घ्या.”

नवऱ्याने हातोडी खाली ठेवली आणि तोंडातले खिळे तळहातावर काढले. हे तो दोनच वेळा करत असे, जेवायला आणि नाही म्हणायला.

“किती पडतात हिचे?”

दिराने आकडा सांगितला.

“दर महिन्याला? नुसतं बोलायचे?”

“नुसतं बोलायचे.”

“वेड लागलंय का? ती फुकटवाली घे.”

“तिच्यात सहायिका नाही, दादा.”

“आहे की,” नवरा म्हणाला आणि त्याने हनुवटीने बायकोकडे दाखवलं.

दिराने वहिनीकडे बघितलं. मग त्याने चुटकी वाजवली. “हे मला सुचलं नाही!”

तो भराभर काहीतरी बडवत सुटला आणि थोड्या वेळाने त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. पानाच्या कोपऱ्यात एका गोल चौकटीत कानाला हेडसेट लावलेली एक तरुण मुलगी दातांची पूर्ण रांग दाखवत होती. खाली लिहिलं होतं, ‘सदैव तुमच्या सेवेत.’

“फोटो कंपनीकडून तयार मिळतो,” दीर म्हणाला. “पाठीमागे नंबर तुमचा टाकलाय. गिऱ्हाईक हिला दाबणार, वाजणार तुमच्याकडे. रात्रीसुद्धा. कुणाला पत्ता लागणार नाही!”

“माझाच नंबर आहे, तर माझाच फोटो का नाही?”

“वहिनी, आता कसं सांगू... धंद्याचा प्रश्न आहे.”

“हिला एवढं हसता तरी येतं का?” नवरा म्हणाला. दोघे भाऊ खदखदून हसले. मग नवऱ्याने खिळे परत तोंडात टाकले. विषय संपला होता.

तिची कानशिलं तापली. ह्या दोघांना ऐकवण्यासारखं तिच्याजवळ इतकं होतं की दुकान बंद व्हायची वेळ आली असती. पण बोलणं हेच तर तिचं फुकटचं काम होतं.

फोन वाजला. नवऱ्याने मान वर न करता भुवया उंचावल्या.

ती उठली. फोनला ओलांडून पुढे गेली, खिळ्यांच्या डब्यात हात घातला आणि मूठभर खिळे तोंडात टाकले. मग भिंतीजवळच्या त्या फाडलेल्या सोफ्यापाशी बसून दुसरी हातोडी उचलली.

“वहिनी, फोन!”

तिने वळून ओठ उघडून दाखवले. दीर खुर्चीत मागे सरकला.

खिळ्यांना लोखंडी, किंचित गोडसर चव होती. इतकी वर्षं हा माणूस ती एकटाच चाखत आला होता. तिने पहिला खिळा ठोकला. वाकडा गेला. दुसरा सरळ बसला.

फोन थांबला आणि लगेच पुन्हा वाजू लागला. नवऱ्याने भुवया उंचावल्या, आणखी उंचावल्या, पार कपाळाच्या वर नेल्या. शेवटी घाईघाईने खिळे थुंकले, ओल्या हाताने फोन उचलला.

“हॅलो... हो, सोफा... नाही, म्हणजे... तो...”

पलीकडचा आवाज चढत गेला. नवऱ्याने बावरून तिच्याकडे बघितलं.

तिने दोन्ही भुवया उंचावल्या आणि तिसरा खिळा ठोकला.