आदलं गाऱ्हाणं

"नीट सांग, गोकुळदास. मागूचा काय आसा?" लोकांच्या वतीने गाऱ्हाणं घालणारा घाडी सखाराम नारळ हातात धरून देवापुढे उभा होता.

गोकुळदासने घड्याळ पाहिलं. आईने सकाळपासून डोकं खाल्लं म्हणून तो तिला घेऊन कोरगावच्या या देवळात आला होता. बावन्न वर्षांचा इंजिनिअर, आणि हात जोडून उभा. स्वतःचाच राग येत होता.

"फाल्या एक चाचणी आसा, काका. ती पार पडांदे, इतक्याच म्हणा."

"कसली चाचणी? देवाक अर्धाच सांगान भागाचा नाय."

"भायर सांगूक बंदी आसा."

"अरे, देव काय पेपरात छापूचो नाय!"

गोकुळदासला हसू आलं नाही. पण एकोणीस वर्षांचं साचलेलं भडाभडा बाहेर आलं. जहाजावरून उडणारं लढाऊ विमान, 'सागरघार'. उडतं झकास, उतरताना घोडं पेंड खातं. शेपटीखालचा आकडा डेकवर ताणलेल्या दोरात अडकायला हवा, तो उसळून पुढे जातो. जमिनीवर डेकएवढी पट्टी आखून अकरा वेळा करून पाहिलं, अकराही वेळा तेच. उद्याची शेवटची. अडकला नाही, तर प्रकल्प बंद आणि विमानं परदेशातून. अडकला, तर सगळा चमू आधी जहाजावर आणि मग कायमचा पूर्व किनाऱ्यावर.

सखारामने सगळं शांतपणे ऐकलं. "मगे आदी आदला गाऱ्हाणा उठवूक व्हया. ता उबा आसताना नवा घालूक येणा नाय."

"आदला खंयचा?"

"तुज्या आवशीचा. तुजी चाचणी आसली की आदल्या दिसा येता ती. अकराय खेपे इली."

गोकुळदासचा चेहरा मऊ झाला. ऑफिसात कुणी चहाला विचारत नव्हतं तेव्हाही म्हातारी इथे येत होती तर! त्याने आईकडे पाहिलं. चंद्रावती खाली बघत होती.

"काय मागलान तिणा?"

"माजो झील हयच ऱ्हवांदे, तेका दूर धाडू नको. दुसरा काय?" सखाराम सहज बोलून गेला.

आकडा का उसळतो हे गोकुळदासला पक्कं ठाऊक होतं. त्याला खाली दाबून धरणारा दट्ट्या कमजोर होता. चाळीस पानी अहवाल त्यानेच लिहिला होता. तरीही त्याचं टाळकं फिरलं.

"आये! जन्म गेलो माजो ह्या कामात. आणि तू हय येवन..."

"बापूस गेलो तेव्हा खंय होतस?" चंद्रावती खाली बघतच म्हणाली. "बोटीर. धाव्या दिसा इलस."

गोकुळदास सखारामकडे वळला. "उठवा ता गाऱ्हाणा, काका." राग गेला नव्हता.

सखारामला वाद नवे नव्हते. त्याने नारळ कपाळाला लावला आणि सूर धरला, "हे म्हाराजा! ह्या तुज्या लेकरान, चंद्रावतीन, आदी जा काय सांगणा केला, ता आज उठवता. झीलाची वाट मोकळी करता. ता मान्य करून घे रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार देणारं दुसरं कुणी देवळात नव्हतं. घालणारीनेच उठवायचं होतं. सखाराम थांबला.

चंद्रावतीने पदर सारखा केला. एकदा लेकाकडे पाहिलं, त्याच्या पिकलेल्या कानशिलांकडे. ओठ हलले.

"व्हय म्हाराजा."

"आयकाक येवक नाय," सखाराम म्हणाला. "परत म्हण. मोट्यान."

तिने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. पुन्हा उघडलं. हनुवटी थरथरायला लागली.

"ऱ्हवांदे, काका," गोकुळदास म्हणाला. "देवान आयकला."