ऐकणारी डबी

“आज गुडघ्यानं पुन्हा डोकं वर काढलंय,” म्हातारा सफरचंदाच्या झाडाला म्हणाला. झाडाला म्हणजे फांदीला बांधलेल्या डबीला. सूर्य नुकताच बुडाला होता आणि कोठाराच्या वरच्या खिडकीतून वटवाघळं भराभर बाहेर पडत होती.

डबी मुलीनं बांधली होती. ती दूरच्या शहरात वटवाघळांचा अभ्यास करायची. माणसांची डॉक्टर झाली असती तर चार लोकांत सांगता तरी आलं असतं, असं म्हाताऱ्याला वाटे. झाडांचा बहर ओसरता ओसरता ती आली, कोठाराची ती खिडकी उघडी ठेवायला लावली आणि म्हणाली, “बाबा, यंदा फवारणी नको. ज्यांच्यामुळे फळात अळी पडते, ते पतंग ही वटवाघळंच फस्त करतील. डबी सगळं ऐकते. आवाज रोज मला तिकडे पोचतात.”

सगळं ऐकते, एवढंच म्हाताऱ्यानं धरून ठेवलं.

फोनवर दोघांचं कधी जमलंच नाही. “जेवलीस?” “जेवले. तुम्ही?” “हो.” की संपलं. घरात तर बायको गेल्यापासून बोलायला भिंतीच होत्या. डबीपुढे मात्र त्याची जीभ सुटली. रोज संध्याकाळी तो झाडाखाली स्टूल मांडायचा. गुडघ्यानं घात केला तरच खाडा. शेजाऱ्याच्या कुत्र्याचा आगाऊपणा, करपलेली भाजी, हरवून खिशातच सापडलेला चष्मा, सगळं सांगायचा. आणि एकदा घसा खाकरून, कधीचं अडलेलं तेही सांगून टाकलं. “इकडेच ये ना राहायला. घर खायला उठतं गं.”

मग त्यानं वाट पाहिली. मधूनच कधी तिचा फोन यायचा, पण त्याबद्दल चकार शब्द नाही. “बरे आहात ना?” एवढंच विचारायची आणि ठेवून द्यायची. ऐकून न ऐकल्यासारखं करते, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. तरी तो झाडाखाली जातच राहिला. दुसरीकडे जाणार कुठे?

तोडणीला मुलगी आली. तिनं टोपलीतली फळं कापून कापून पाहिली. अळीचा मागमूस नव्हता. ती हरखून गेली. म्हाताऱ्याचं तोंड मात्र फुगलेलं. ती डबी सोडवायला शिडीवर चढली, तेव्हा त्याला राहवलं नाही.

“सगळं ऐकलंस, आणि एका शब्दानं उत्तर नाही?”

“काय ऐकलं?”

“मी बोललो ते. रोज, या डबीशी.”

तिचे हात थांबले. “बाबा, ही माणसाचं बोलणं टिपतच नाही. आपल्याला ऐकू न येणारे वटवाघळांचे आवाज, तेवढेच टिपते.”

म्हातारा मटकन स्टुलावर बसला. सगळा मोसम तो एका डबड्याशी बोलला होता. इतकं एकटं त्याला बायको गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

मुलगी खाली उतरली आणि त्याच्यासमोर गवतात बसली.

“बोलणं नाही ऐकलं. पण माणूस बसला की भोवती डास जमतात, आणि डासांवर वटवाघळं. रोज संध्याकाळी याच झाडापाशी त्यांची झुंबड उडायची. तिकडे खोलीत एकटी बसून मी तेच ऐकायचे. म्हणायचे, बाबा आलेत. ज्या दिवशी झाड गप्प असायचं, त्या दिवशी मी फोन करायचे.”