चिखलदऱ्याचा तिसरा सेट

वायुभारमापकाचा काटा सव्वीस इंचांच्या किंचित वर स्थिरावला. सकाळी अमरावतीहून निघताना तो साडेअठ्ठावीसच्या पुढे होता. चारुशीलेने दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि बिनतारी सेटच्या उघड्या पेटीत पाहिले. कंडेन्सरच्या पत्र्यांमध्ये नखाच्या जाडीइतकी फट होती. अमरावतीच्या कार्यशाळेत ती तिनेच मोजून ठेवली होती.

"सुरू करते," ती म्हणाली.

सेट चालवणारा शेषराव खिडकीपाशी उभा होता. तिच्या वरिष्ठांनी, कमलाकांतसाहेबांनी, त्याला सेटपासून चार हात लांब राहायला बजावले होते.

चौसष्ट सालचा जानेवारी होता. गेल्या सात महिन्यांत चिखलदऱ्याच्या ठाण्यावर दोन सेट जळले होते. दोन्ही वेळा जळलेले भाग बदलून सेट अमरावतीच्या कार्यशाळेतल्या बाकावर तपासला गेला, आणि दोन्ही वेळा चारुशीलेने अहवालात लिहिले: यंत्र निर्दोष. मग दोष उरला तो चालवणाऱ्याचा. शेषरावला नोकरीतून काढण्याचा हुकूम साहेबांच्या बॅगेत टाइप होऊन तयार होता. तारीख तेवढी घालायची होती. हा तिसरा सेट बाकावर सलग दोन दिवस चालवून आज वर आणला होता.

चौथ्या मिनिटाला पत्र्यांमध्ये निळी ठिणगी उडाली. लगेच दुसरी. चारुशीलेने बटण बंद केले.

"हेच मी दोन डाव लिहून देल्लं होतं," शेषराव म्हणाला. "खाली बरा चालते, वर आला का ठिणग्या टाकते. इथची हवा पातळ हाये, बाई. अन् ह्या सेटले खालच्या हवेचा लाड."

"मॅट्रिकच्या पुढे गेला नाही आणि हवेवर व्याख्यान देतो," साहेब म्हणाले. "या लोकांच्या हाती यंत्र दिलं की असंच व्हायचं."

"या लोकाईच्या म्हंजे कोनाच्या, साहेब?"

साहेब बॅगेचा पट्टा नीट करू लागले.

"शेषरावांचं बरोबर आहे," चारुशीला म्हणाली. "हवा विरळ झाली की ठिणगीला फट ओलांडायला कमी जोर लागतो. फट वाढवायला हवी होती. आज सेटला त्यांचा हातही लागलेला नाही. माझाच लागला."

"ते राहू द्या बाई. तपासणी अमरावतीच्या बाकावर करायची, असा खात्याचा नियम आहे. बाकावर यंत्र चांगलं होतं ना? मग तेवढंच लिहा." साहेबांचा आवाज मऊ झाला. "मार्चमध्ये तुम्हाला कायम करण्याचा कागद माझ्याच टेबलावर येणार आहे."

"म्हंजे मी कायमचा घरी," शेषराव म्हणाला. "साहेब, घरी बसीन. वावरात मजुरी करीन. माह्या बापानं केलीच. पन जे मी जाळलं नाही, त्याचा डाग काहून घेऊ?"

साहेबांनी छापील अर्ज टेबलावर ठेवला. 'यंत्र निर्दोष' हे शब्द त्यांनी आधीच लिहून आणले होते. खाली सहीपुरती जागा होती. त्यांनी टोपण काढून पेन पुढे केले.

चारुशीलेने पेन घेतले नाही. तिचे कान तापले होते. साहेबांचा राग आला होताच, पण तो सगळा साहेबांवर नव्हता.

"तुम्हीच लिहून घ्या," ती म्हणाली. "पहिला अहवाल मी न कळता दिला. दुसरा देण्याआधी शेषरावांचं पत्र वाचलं होतं. रात्रभर बसून गणित मांडलं होतं. उत्तर हेच आलं होतं. तरी सकाळी मी 'निर्दोष' लिहिलं आणि सही केली. तो अहवाल खोटा आहे, साहेब. मी तो मागे घेते."