शोभेचा वाडगा

ती बॅग घेऊन गॅरेजच्या दारात उभी राहिली, तरी नवऱ्यानं लाकूड कातायच्या लेथवरून मान वर केली नाही. वाळलेल्या निवडुंगाचं लाकूड म्हणजे निम्मी भोकंच. ती भोकं रंगीत इपॉक्सीच्या राळेनं भरून त्याचा वाडगा कातण्यासाठी पठ्ठ्यानं आठवडाभर रजा काढली होती. तिच्या बाबांच्या शेवटच्या आजारपणात मात्र साहेबांना एका दिवसाची रजा मिळाली नव्हती. दाढीत निळा भुसा मिरवणारं ते ध्यान बघून तिला रागही येईना. “मी ताईकडे चाललेय. कायमची,” ती म्हणाली. “हो, हो. आधी हे बघ!” त्यानं लेथ थांबवून वाडगा सोडवला. “एकही भोक राहिलं नाही. तुझ्यासाठीच केलाय. शोभेचा आहे हं, यात काही ठेवायचं नाही.” तिनं घराची किल्ली वाडग्यात टाकली. “अगं, ओरखडा पडेल!” तो किंचाळला. ती फाटकाबाहेर पडली, तेव्हा तो वाडगा उन्हात धरून ओरखडा शोधत होता.