ठोकळ्यातलं झाड

"तार लावली होती की नव्हती, एवढंच सांगा, दादा."

धाकट्या भावाची बायको कारखान्याच्या दारातच उभी होती. कडेवर वर्षाची लेक. बाहेर टेम्पोत सामान चढलं होतं. मागच्या दोन खोल्या रिकाम्या करून ती कायमची माहेरी निघाली होती.

"नव्हती," थोरला म्हणाला. "विसरलो मी. चौकशीतही तेच सांगितलं."

काम दोघा भावांचं. जाड, पारदर्शक प्लास्टिकचा ठोकळा किरणांच्या यंत्रातून विजेने ठासून भरून आणायचा. थोरल्याने खिळ्याला जमिनीत जाणारी तार बांधायची. धाकट्याने तो खिळा ठोकळ्यावर धरून हातोडीचा एकच ठोका द्यायचा. क्षणात वीज तारेवाटे जमिनीत पळायची आणि ठोकळ्यात तिच्या वाटांचं झाड उमटायचं. लोक हौसेने ही झाडं दिवाणखान्यात मांडायचे. तार नसली, तर वीज ठोकणाऱ्याच्या अंगातून जाणार. महिन्यापूर्वी ती तशीच गेली.

"हे म्हणायचे, दादा गाठ तीनतीनदा ओढून बघतो. बायकोवर नसेल एवढा त्याचा तारेवर जीव." तिचा आवाज फाटला. "मग त्याच दिवशी कसे विसरलात?"

"माणूस आहे. चुकलो."

"चुकलो! आमटीत मीठ कमी पडल्यासारखं सांगताय."

त्याने मान खाली घातली. आईने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. गल्लीतले लोक त्याला बघून तोंड फिरवत. ते सगळं एक वेळ सोसलं असतं. पण त्याला मूलबाळ नव्हतं, आणि भावाची ही लेक म्हणजे त्याचा जीव की प्राण होती. आताही त्याला बघताच पोरीने दोन्ही हात पुढे केले. त्याचेही हात नकळत वर गेले.

तिने लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"हिला तुम्ही पुन्हा दिसायचं नाही. मोठी झाली की सांगेन, तुझ्या बापाचा जीव कुणी घेतला ते."

"सांग."

"अहो, भांडा तरी माझ्याशी!" ती रडायलाच लागली. "मला अजून खरं वाटत नाही. एकदा नाही म्हणा, दादा. तुमच्या शब्दावर मी सामान उतरवते."

शब्द त्याच्या अगदी ओठांवर आला. पोरगी अजून हात पसरूनच होती.

"मीच तार लावली नव्हती," तो म्हणाला. "जा तू."

टेम्पो वळणापलीकडे गेला, तसा तो उंबऱ्यातच बसला आणि लहान पोरासारखा रडला.

त्या दिवशी खिळ्याची गाठ नेहमीसारखीच घट्ट होती. भाऊ कोसळला, तसा तो तारेच्या मागोमाग धावत मागच्या अंगणात गेला. तिथे जमिनीतल्या सळईपासून तार सोडवून भावजयीने ती, कशाची ते न कळून, दोन लाकडी खांबांना ताणून बांधली होती, आणि तिच्यावर लेकीची झबली वाळत घातली होती. ती बाजारातून परतायच्या आत त्याने झबली उतरवली, तार पुन्हा सळईला बांधली, आणि आत येऊन खिळ्याची गाठ सोडून ठेवली.